डबा उघडण्याचे शिक्षण

महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, तेव्हा बालवाडी, अंगणवाडी किंवा नर्सरीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या तीन-साडेतीन वर्षांच्या मुलापुढे अक्षरे आणि अंक ही अडचण नसतेच. ज्या माणसाने आजवर आपले खाणेपिणे, कपडे आणि झोप सांभाळली ते माणूस दिसेनासे झाल्यावर तीन तास कसे काढायचे, शू लागली हे अनोळखी ताईंना कसे सांगायचे, डब्याचे घट्ट झाकण कसे उघडायचे आणि हवी असलेली खेळण्यातली मोटार दुसऱ्याच्या हातात असेल तर काय करायचे, हे त्याच्यापुढचे खरे प्रश्न असतात. शाळा सुटल्यावर पालक मात्र आज काय शिकवले असे विचारतात, आणि वहीत काही लिहिलेले दिसले नाही की दिवस वाया गेला असे त्यांना वाटते. बालशिक्षणाच्या क्षेत्रात गेली शंभर वर्षे काम करणाऱ्यांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

या शिक्षणाची सामाजिक कौशल्ये आणि स्वावलंबन अशी दोन अंगे सांगितली जातात. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हवे ते शब्दांत मागणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, भांडण झाले तरी पुन्हा एकत्र येणे ही झाली सामाजिक कौशल्ये. आपले जेवण, कपडे, शी-शू आणि वस्तू वयाच्या मानाने स्वतः सांभाळणे हे झाले स्वावलंबन. पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगळी छापता येतात, मुलाच्या दिवसात ती वेगळी काढता येत नाहीत. ज्या मुलाला प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्या माणसाकडे धावावे लागते त्याचे सारे लक्ष त्या मोठ्या माणसावरच खिळलेले राहते. ज्याला चप्पल स्वतः घालता येते ते मूल इतरांबरोबरच अंगणात पोहोचते आणि तिथे खेळ ठरत असताना हजर असते. मैत्री जमण्यासाठी आधी तिथे वेळेवर पोहोचता यावे लागते, ही साधी गोष्ट बालशिक्षणाच्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले, तेव्हा या विचाराला पद्धतीचे रूप मिळू लागले. मुलांना स्वतः हलवता येतील अशी हलकी टेबले-खुर्च्या, हात पोहोचेल इतक्या उंचीची कपाटे आणि त्यांत मांडलेली साधने अशी त्या पद्धतीतील वर्गाची रचना होती. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी किंवा धान्य ओतणे, जमीन झाडणे, टेबल पुसणे, लाकडी चौकटीवर बसवलेल्या कापडाच्या गुंड्या लावणे आणि काढणे, अशा घरगुती कामांना त्यांनी अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. या पद्धतीतील एक तपशील फार विचार करण्याजोगा आहे. वर्गात प्रत्येक साधन सहसा एकच ठेवलेले असते, त्यामुळे ते दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबावेच लागते, आणि काम झाल्यावर दुसऱ्याला मिळावे म्हणून ते जागेवर ठेवावेच लागते. म्हणजे थांबण्याचा आणि दुसऱ्याचा विचार करण्याचा धडा शिक्षिकेच्या उपदेशातून न येता वर्गाच्या मांडणीतूनच येतो. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसत असल्याने मोठ्यांचे पाहून लहान शिकतात आणि लहानांना दाखवताना मोठ्यांचे शिकणे पक्के होते.

भारतात हा विचार भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी आपल्या मातीत रुजवला. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवला; परंतु शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांपुरते हे शिक्षण राहिले तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना, आणि १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीतील कामाचा विचार इथे थोडा सविस्तर करायला हवा. पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीनेच पाड्यावर जायचे असे ठरले, आणि घरांपुढच्या मोकळ्या अंगणात भरणारी अंगणवाडी आकाराला आली. हातपाय धुणे, आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हा तिथल्या शिक्षणाचा भाग होता, आणि महागड्या आयात साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हातात आल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवणारी विकासवाडीही याच कामातली. तिच्यामागचे कारण अगदी व्यवहारातले होते: आईवडील मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते आणि तिची शाळा बुडते, म्हणून तान्ह्या मुलांची सोय शाळेतच केली तर बहिणीलाही शिकता येते. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या निधनानंतर अनुताईंनी ते पुढे नेले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. हा इतिहास बहुतेक वेळा सेवाकार्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, पण शिक्षणपद्धतीच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे, कारण स्वतःचे अंग, स्वतःचे अंगण आणि शेजारचे मूल यांच्यापासून शिक्षणाची सुरुवात करता येते हे त्याने दाखवून दिले.

ही दृष्टी आजच्या वर्गात कशी उतरते हे पाहायचे असेल तर डबा खाण्याच्या वेळेइतकी चांगली जागा नाही. मुलाला हात धुवावे लागतात, त्यासाठी नळापुढे रांगेत थांबावे लागते, दप्तरातून डबा काढावा लागतो, झाकण उघडावे लागते, केळे सोलावे लागते, पाणी न सांडता ओतावे लागते, शेजारच्याने पुढे केलेला लाडवाचा तुकडा घ्यावा किंवा नको म्हणावे लागते, खाली पडलेली शिते वेचावी लागतात आणि शेवटी झाकण लावून डबा पुन्हा दप्तरात ठेवावा लागतो. बोटांची ताकद, क्रम लक्षात ठेवणे, मोह आवरणे आणि दुसऱ्याशी बोलणे, हे सारे त्या पंधरा-वीस मिनिटांत घडत असते. आता या वेळेचे दोन प्रकार संभवतात. एका वर्गात ताई भराभर सगळे डबे उघडून देतात, पाणी भरून देतात आणि मागाहून सगळी सतरंजी स्वतः झाडतात. काम लवकर आटोपते आणि मुले फक्त खातात. दुसऱ्या वर्गात पाण्याचा लहान जग मुलांच्या हाती दिलेला असतो, पाणी सांडले तर पुसायचे फडके त्यांचा हात पोहोचेल अशा खिळ्यावर टांगलेले असते, आणि झाकण उघडत नसेल तर ताई ते एका कोपऱ्यात थोडेसे सैल करून पुन्हा मुलाच्या हातात देतात. दुसऱ्या वर्गाला दहा मिनिटे जास्त लागतात. त्या दिवसाच्या शिक्षणातील सर्वांत मोलाची हीच दहा मिनिटे असतात.

झाकण सैल करून परत देण्याच्या या कृतीमागे मोठा सिद्धान्त आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या थोड्या मदतीने जे करू शकते यांतील अंतराला निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. शिकणे घडते ते या अंतरात. म्हणून मदत किती करायची याला फार महत्त्व आहे. जाकिटाची चेन लावताना तिची दोन टोके जुळवून द्यावीत आणि वर ओढण्याचे काम मुलावर सोपवावे, म्हणजे काम पूर्ण केल्याचे समाधान त्याच्या वाट्याला येते, आणि काही दिवसांनी टोके जुळवण्याचाही सराव सुरू करता येतो. शेवटची पायरी आधी मुलाकडे देण्याची ही युक्ती सदऱ्याच्या गुंडीला, बुटाच्या पट्ट्याला आणि चड्डी वर ओढण्यालाही तितकीच लागू पडते. पालकांकडून यासाठी एवढेच हवे असते की डबा मुलाला उघडता येईल असा असावा, शाळेत घालायच्या चड्डीला नाडीऐवजी इलॅस्टिक असावे आणि पोळीचा रोल लहान मुठीत मावेल असा असावा.

भांडणाच्या वेळी शिक्षिकेची खरी कसोटी लागते. दोन मुले एका मोटारीला लोंबकळत आहेत, एकाने दुसऱ्याला ढकलले आहे आणि दुसरे रडते आहे, असे दृश्य प्रत्येक बालवाडीत रोज दिसते. त्यावर मोटार काढून घेणे आणि ढकलणाऱ्याला ‘सॉरी म्हण’ सांगणे हा सर्वांत रुळलेला उपाय आहे. त्याने आवाज थांबतो, पण पुढच्या वेळी काय करायचे हे दोघांनाही कळत नाही, आणि सॉरी हा सुटका करून घेण्याचा शब्द आहे एवढाच बोध एकाला होतो. जाणत्या ताई दोघांच्या उंचीवर खाली बसतात, रडणाऱ्याला जवळ घेतात आणि जे दिसते ते शब्दांत सांगतात: तुला मोटार हवी होती म्हणून तू ओढलीस, ती याच्या हातात होती, ढकलल्यावर याला लागले. मग त्या विचारतात की आता काय करू या, आणि उत्तराची वाट पाहतात. तीन वर्षांच्या मुलाला अशा वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून ते पुरवावे लागतात: ‘तुझे झाले की मला दे, असे त्याला सांग.’ पाच मिनिटांनी मिळेल या वाक्याला त्या वयात अर्थ नसतो, कारण मिनिट दिसत नाही; मोटार भिंतीपर्यंत तीनदा जाऊन आली की तुझी पाळी, हे मात्र मोजता येते. पाळी कबूल केल्यावर ती खरोखर मिळाली पाहिजे, नाहीतर थांबून काही हाती लागत नाही हेच मूल शिकते.

वाटून घेण्याची सक्तीही अशीच उलटते. आपली वस्तू कोणत्याही क्षणी काढून घेतली जाऊ शकते असे वाटणारे मूल ती अधिकच घट्ट धरते, आणि ती आपल्याला परत मिळते असा अनुभव आलेले मूल ती सहज पुढे करते.

मुले एकमेकांशी खेळायला शिकतात त्याचेही काही टप्पे असतात. अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टन यांनी बालशाळेतील मुलांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ मध्ये त्यांची मांडणी केली: नुसते पाहत राहणे, एकट्याने खेळणे, शेजारी बसून तेच पण वेगवेगळे खेळणे, म्हणजे समांतर खेळ, मग वस्तूंची देवाणघेवाण करत खेळणे आणि शेवटी कामे वाटून घेऊन एकत्र खेळणे. नंतरच्या अभ्यासकांनी ही काही एकदा चढून जाण्याची शिडी नाही असे दाखवले. मोठी मुलेही एकटी खेळतात आणि त्यात वाईट काही नाही. पण पालकांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. कडेला उभे राहून आठवडाभर इतरांचा खेळ पाहणारे मूल काहीच करत नाही असे नसते; ते खेळाचे नियम शिकत असते, आणि त्याला हाताला धरून मधे ढकलल्याने त्याची तयारी मोडते.

मराठी मुलांच्या अंगणातील खेळांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. लपंडावात किंवा शिवणापाणीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात. ते सगळ्यांबरोबर पळते, लपते, पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मुलांनी मुलांसाठी केलेली ही व्यवस्था आहे, आणि कमी जमणाऱ्याला बाहेर न ठेवता खेळात कसे सामावायचे याचा असा उत्तम नमुना कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडणे कठीण. मामाचे पत्र हरवले या खेळात गोल करून बसावे लागते, मागे वळून पाहण्याचा मोह आवरावा लागतो आणि आपली पाळी येईलच असे नाही हेही सोसावे लागते. भातुकलीत जो पाहुणा होतो त्याला भूक नसली तरी जेवावे लागते आणि जी आई होते तिला सर्वांना वाढून झाल्यावरच बसता येते. वायगॉट्स्की यांनी खेळातील नियमांविषयी जे सांगितले, की मूल तिथे आपणहून मनाला लगाम घालते, ते या भातुकलीत डोळ्यांनी दिसते. एकाच वयाची, एकाच इमारतीतील दोन-तीन मुले आणि हातात मोबाइल असे बालपण वाढत असताना, वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र येण्याची जागा अनेक घरांसाठी आता शाळा हीच उरली आहे.

शाळेच्या दारातील रडण्याबद्दल मोठ्यांची वागणूक सुधारण्यासारखी आहे. आईवडिलांपासून दूर होताना रडणे हे त्या नात्याच्या घट्टपणाचे लक्षण आहे, हट्टाचे नव्हे. मूल दुसरीकडे पाहत असताना गुपचूप निघून जाणे किंवा ‘मी इथेच बाहेर बसते’ असे खोटे सांगणे यांमुळे त्या वेळेपुरती सुटका होते, पण पुढचे कित्येक दिवस मूल पाठ वळवायला धजत नाही. निघताना सांगून निघावे, डबा खाऊन गाणी झाली की घ्यायला येईन असे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे, निरोप लांबवू नये आणि सांगितलेल्या वेळी हजर राहावे. पहिल्या आठवड्यात शाळेचे तास कमी ठेवणे आणि आई, बाबा किंवा आजीला थोडा वेळ वर्गात बसू देणे ही शाळेने करायची गोष्ट आहे, आणि जी शाळा पहिल्याच दिवशी फाटक लावून घेते तिला लहान मुलांविषयी फार थोडे समजलेले असते.

भाषेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. शू लागली हे सांगता येणे ही स्वावलंबनाची पहिली अट आहे, आणि मराठी घरातून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत गेलेल्या मुलाकडून ते इंग्रजी वाक्यातच मागण्याची अपेक्षा ठेवली, तर ते वाक्य आठवेपर्यंत कपडे ओले होतात आणि त्याला सर्वांसमोर लाज वाटते. डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या, घरी वारली बोलणाऱ्या मुलापुढे हीच अडचण मराठी शाळेत उभी राहते, आणि ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर मुलूख बदलणाऱ्या मुलापुढे ती दरवर्षी नव्याने येते. मूल बोलत नाही, मिसळत नाही, असा शेरा अशा मुलांवर फार लवकर मारला जातो. पहिले काही महिने मुलाच्या घरची बोली वर्गात चालली पाहिजे, आणि तहान, भूक, शू, दुखते, नको, घरी जायचे एवढे तरी शब्द ताईंना त्या बोलीत आले पाहिजेत. त्यानंतरही एखादे मूल दीर्घकाळ नजर देत नसेल, हाकेला ओ देत नसेल किंवा त्याचे बोलणे मागे पडत असेल, तर त्याला हट्टी ठरवून शिस्त लावण्याऐवजी त्याचे ऐकणे आणि विकास तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा.

घरी मिळणारी वागणूक मुलगा आणि मुलगी यांना सारखी नसते, हेही शाळेत लगेच दिसते. अनेक घरांत चार वर्षांच्या मुलीला ताट उचलायला सांगितले जाते आणि सहा वर्षांच्या मुलाचे ताट आजी उचलते. शाळेत पाळीपाळीने सतरंजी घालणे, पेले मांडणे, झाडांना पाणी घालणे ही कामे सर्वांकडे आली तर हा भेद निदान तिथे तरी मोडतो, आणि त्याचा अधिक फायदा मुलग्यांनाच होतो, कारण त्यांचेच शिकणे घरात अडवलेले असते.

धोरणाच्या पातळीवर हे सारे आता मान्य झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवला आणि २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, भावनिक विकास आणि चांगल्या सवयी यांना स्पष्ट स्थान मिळाले. अडचण जमिनीवर आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो, त्याखालच्या वयासाठी सरकार सोय करू शकते एवढेच म्हणतो, आणि या फटीत गल्लोगल्लीच्या नर्सरी वाटेल तशा चालतात. अंगणवाडीत एका सेविकेला आणि एका मदतनीस ताईला मुलांचे शिक्षण, आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाला मदत, गरोदर महिलांच्या भेटी आणि मोबाइलवर माहिती भरणे हे सर्व करावे लागते; अशा ताईंकडून झाकण कोपऱ्यात सैल करून देण्याचा धीर मागायचा असेल, तर आधी त्यांच्या डोक्यावरचे नोंदींचे ओझे उतरवले पाहिजे आणि त्यांना शिक्षिकेचा मान व मोबदला दिला पाहिजे. ताराबाई आणि अनुताईंच्या महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या पुढे असायला हवे होते. तसा तो आज नाही.

पालकांच्या हाती मात्र बरेच आहे. प्रवेश घेताना मुलांना किती कविता पाठ येतात आणि कोणत्या वर्षी लिहायला लावतात, हे विचारण्याऐवजी डब्याच्या वेळी अर्धा तास वर्गात बसू द्याल का असे विचारावे, मुले पाणी स्वतः ओतून घेतात का, भांडण झाल्यावर ताई कुठे उभ्या राहतात आणि काय बोलतात, शौचालय मुलांच्या उंचीचे व स्वच्छ आहे का, एवढे पाहावे. आणि घरी सकाळी पंधरा मिनिटे आधी उठून मुलाला चप्पल आणि सदरा स्वतः घालू द्यावा.